पट्टी उत्तीर्ण झाली, दाढेचे काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी जिनिव्हात एक निर्णय घेतला: दातांत भरल्या जाणाऱ्या पारामिश्रित ‘चांदी’चा वापर २०३४ पर्यंत थांबवायचा. भारतही या करारात आहे. पाऱ्याचे प्रदूषण घटेल, हे स्वागतार्हच. चांदीची जागा मुख्यत्वे कंपोझिट रेझिन, म्हणजे लोकांच्या बोलीतले ‘दाताच्या रंगाचे सिमेंट’ घेणार आहे. या पदार्थाच्या चाचण्यांविषयीच्या बातम्या मात्र बहुधा एकाच आकड्यावर येऊन थांबतात: ताकद अमुक इतके मेगापास्कल! हा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. अपुरा आकडा पूर्ण म्हणून मिरवणे हा वाचकाशी आणि रुग्णाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

हा आकडा येतो कसा? आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार रेझिनची २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पट्टी साच्यात घडवतात. दिव्याचे टोक पट्टीहून लहान असल्याने ती टप्प्याटप्प्याने उजळतात, तीही दोन्ही बाजूंनी. मग ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवून, दोन आधारांवर टेकवून मध्यभागी दाब देत मोडतात. चावण्याच्या पृष्ठभागावर वापरायच्या पदार्थाला किमान ८० मेगापास्कल लागतात. पाच पट्ट्यांपैकी चार टिकल्या की पदार्थ उत्तीर्ण. तीनच टिकल्या तर आणखी पाच पट्ट्या करायच्या, आणि त्यांतली एकही अपुरी पडता कामा नये. म्हणजे पाचांतील एक पट्टी ८० च्या खाली मोडली, तरी पदार्थ उत्तीर्णच राहतो. ठिसूळ पदार्थाची ताकद ही एक संख्या नसून एक विखुरण असते, हे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जाणतो. जाहिरातीत मात्र विखुरण गळून जाते आणि सरासरी तेवढी उरते.

आता प्रयोगशाळेतून बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये यावे. पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी आलेली कितीतरी तरुण मंडळी या वसाहतीत राहतात आणि दंतचिकित्सालयांच्या पाट्या जागोजागी दिसतात. तिथल्या खुर्चीवर एखाद्याची दाढ भरली जाते, तेव्हा प्रकाश दोन बाजूंनी पडत नाही. तो फक्त वरून पडतो. किडीने पोखरलेल्या खळग्याचा तळ दिव्याच्या टोकापासून कित्येक मिलिमीटर खाली असतो. हात हलतो, जीभ आडवी येते, दिव्याच्या टोकाला जुने रेझिन चिकटलेले असते.

रेझिन कडक होते ते प्रकाशामुळे. त्यातील कॅम्फरक्विनोन सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते आणि त्यातून रेणूंच्या साखळ्या जुळू लागतात. दर चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट देणारा दिवा २० सेकंदांत २० ज्यूल ऊर्जा देतो; तोच दिवा थकून ४०० वर आला, तर तेवढ्याच वेळात अवघे ८. यातील खरा धोका असा की अशक्त दिव्यानेही वरचा थर कडक होतो. डॉक्टरांचे हत्यार वर टणकन वाजते आणि तळ मऊच राहतो. दात आणि भरण यांची पकड ढिली पडते, फटीतून जंतू शिरतात. कंपोझिट भरणे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत भरणाखाली पुन्हा लागणारी कीड आणि तुटणे ही दोन येतात. पाण्यातून काढून मोडलेली पट्टी कोणत्याही दाताला चिकटलेली नव्हती. पहिल्या कारणाविषयी ती काय सांगणार?

दोष मानकाचा नाही. तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी, हे खरेच. त्याच मानकात कडक होण्याची खोली, पाणी शोषणे आणि विरघळणे यांच्याही कसोट्या आहेत. पण मानक म्हणजे प्रवेशद्वार. ते गुणवत्ता यादी नव्हे. १२० मेगापास्कलचे रेझिन १०० च्या रेझिनपेक्षा दाढेत अधिक वर्षे टिकेल, असे ही चाचणी म्हणत नाही. असे म्हणतात ते विक्रेते, आणि त्यांची री ओढणारे बातमीदार.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ पदार्थाला मानकाच्या चौकटीत आणतात. क्ष-किरण यंत्राच्या तपासणीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. त्याच खोलीतील निळ्या दिव्याकडे मात्र ‘लागतो ना, मग चालतो’ याच न्यायाने पाहिले जाते. परवानगी पदार्थाला मिळते. पण दाढेतला पदार्थ तयार होतो तो त्या खुर्चीवर, त्या वीस सेकंदांत. तिथे मोजमाप नसेल, तर कारखान्याचे प्रमाणपत्र अर्ध्याच वस्तूचे ठरते.

उपाय अवघड नाही. उत्पादकांनी सरासरीबरोबर प्रत्येक पट्टीचा आकडा, वापरलेला दिवा आणि पाण्यात ठेवल्याचा काळ जाहीर करावा. २४ तासांबरोबर काही महिन्यांनंतरचेही निकाल द्यावेत. चिकित्सालयांनी प्रकाशमापकावर दिवा नियमित तपासून तारखेसह नोंद ठेवावी. एचएसआर लेआउटच्या शेजारी बोम्मनहळ्ळीत दंतवैद्यक महाविद्यालय आहे. एका सेक्टरमधले सगळे दिवे मोजणे हा विद्यार्थ्यांचा एका सत्राचा प्रकल्प होऊ शकतो. आणि वाचकांनी पुढच्या वेळी मेगापास्कलचा मथळा दिसला की विचारावे: पट्ट्या किती मोडल्या, आणि दिवा कोणी मोजला?