पंपावरील आरोपपत्र

गेल्या कार्तिकातील जत्रेला आम्ही एका देवस्थानाच्या अग्रशाळेत उतरलो होतो. शेजारच्या खोलीत सात वर्षांचा एक मुलगा रात्रभर खोकत होता. पहाटे त्याच्या आजीशी बोलणे निघाले, तेव्हा कळले की डॉक्टरांनी त्याला रोज ओढावयाचा पंप लिहून दिला आहे. परंतु तो घरी कपाटात, न फोडलेल्या खोक्यात, तसाच पडून आहे. "पंप? इतल्या ल्हान भुरग्याक?" असे त्या माउलीने उलट मलाच विचारले, आणि कोणा अनुभवी म्हणविणाऱ्या गृहस्थाने दिलेली पांढरी पूड पदराच्या गाठीतून काढून मधातून त्याला चाटविली. पुडीवर औषधाचे नाव नव्हते, घटकांची यादी नव्हती, करणाऱ्याचा पत्ता नव्हता.

ज्याच्या वेष्टनावर घटक, मात्रा, मुदत व उत्पादक हे सर्व छापलेले आहे त्याच्यावर संशय, आणि ज्याला नाव नाही, गाव नाही त्याच्यावर निःशंक विश्वास! आमच्या समाजात पंपावर एक आरोपपत्र वर्षानुवर्षे फिरत आहे. ते कोणी लेखी दिलेले नाही, त्याची कोणी उलटतपासणी केलेली नाही, आणि निकाल मात्र घरोघर लागून चुकलेला आहे. त्या निकालाची शिक्षा भोगतात ती मुले.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. अॅलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. अंथरुणातील धुळीचे सूक्ष्म किडे, आगोटीनंतर भिंतींवर चढणारी बुरशी, धूर, मांजराचे केस, यांपैकी काहीही निमित्त पुरते. नलिका आवळतात आणि छाती वाजू लागते. पंप दोन प्रकारचे असतात, आणि बहुतेक घरांत सारा घोटाळा येथेच होतो. सालबुटामॉलसारख्या औषधाचा पंप आवळलेली नलिका काही मिनिटांत मोकळी करतो. पण आतल्या सुजेला तो हातही लावीत नाही. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडांचा पंप ती सूज उतरवितो, मात्र तो दिवसांनी व आठवड्यांनी काम करतो. पहिल्याचा गुण डोळ्यांना दिसतो म्हणून तो लोकांना भावतो. दुसऱ्याने काहीच घडत नाही असे वाटते, कारण काही घडू न देणे हेच त्याचे काम. वाळत घातलेल्या मिरच्यांवर पावसाआधी घातलेल्या ताडपत्रीचे आभार कोणी मानीत नाही.

"पण मुलाचा दमा सौम्य आहे हो!" असे म्हणून हा दुसरा पंप नाकारला जातो. सौम्य या शब्दाने जितके अनर्थ केले तितके क्वचितच दुसऱ्या शब्दाने केले असतील. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची एक राष्ट्रीय चौकशी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत ज्या १५५ मृतांच्या रोगाची तीव्रता ठरविता आली, त्यांपैकी १४ जणांवर सौम्य आणि ७६ जणांवर मध्यम दम्याचे उपचार चालू होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक जो तीव्र मानला गेला नव्हता अशा दम्याने गेले. आपल्या देशाची गोष्ट याहून खेदाची आहे. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत; दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका, जिला 'जिना' म्हणतात, ती सहा ते अकरा वर्षांच्या ज्या मुलांना रोज नसला तरी वारंवार त्रास होतो त्यांच्यासाठी अल्प मात्रेतील रोजचे स्टेरॉइड, तेही श्वासावाटे, प्रथम पसंतीचे मानते. ही काही भयंकर रोग्यांची व्याख्या नव्हे. आपल्या आळीतील निम्मी खोकणारी पोरे तीत बसतील.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप, "सवय लागते." दारूची लागते ती सवय, चष्म्याची लागते तिला सवय म्हणत नाहीत. स्टेरॉइडच्या पंपाची लालसा उत्पन्न होत नाही. तो सोडल्यावर खोकला परत येतो तो रोगाचा, औषधाचा नव्हे. परंपरेचा दाखलाच हवा असेल तर आमचे वैद्यकशास्त्र यासाठी एक नेमका शब्द देते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतरावा अध्याय हिक्का व श्वास यांचा आहे. तेथे तमकश्वासाला 'याप्य' म्हटले आहे, आणि तो नुकताच उद्भवला असेल तर साध्यही मानला आहे. याप्य म्हणजे उपचार चालू असेतो ताब्यात राहणारा रोग. सुश्रुताने त्यासाठी पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकूने घराला वाईट सवय लागली, अशी तक्रार सुश्रुताच्या ऐकिवात नसावी. श्वासावाटे औषध देणे म्हणजे परक्यांचे खूळ, असे ज्यांना वाटते त्यांनी तोच अध्याय पुढे वाचावा. औषधी वर्तीचा धूर ओढण्याचे विधान तेथे आहे. (आज धूर हाच दम्याचा शत्रू म्हणून ओळखला जातो, तेव्हा तो प्रयोग कोणी घरी करू नये, वाट जुनी आहे इतकेच मला म्हणावयाचे आहे.)

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही, म्हणून त्याचा प्रामाणिक विचार केला पाहिजे. "स्टेरॉइडने मुलाची वाढ खुंटते." अमेरिका व कॅनडात पाच ते बारा वर्षांच्या १,०४१ सौम्य व मध्यम दमेकरी मुलांवर एक दीर्घ अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. पुढे ती मुले प्रौढ झाल्यावर पुन्हा मोजली गेली. चार वर्षांहून अधिक काळ रोज बुडेसोनाइड घेतलेल्यांची उंची, निष्क्रिय पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरीने १.२ सेंटिमीटर कमी भरली; हे २०१२ साली जाहीर झाले. अर्ध्या इंचाहूनही कमी. मी हा पुरावा लपवीत नाही. पण दुसऱ्या पारड्यात रात्रीची झोप, चुकलेली शाळा, धावण्याची भीती व इस्पितळाच्या वाऱ्या ठेवाव्या लागतील. आणि उंचीची चिंता करणारे हेच पालक, झटका आला की पोटातून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचे थेंब वर्षातून चार-पाच वेळा बिनबोभाट पाजतात! पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीतील मिलिग्रॅममध्ये. निरनिराळ्या औषधांचे बळ केवळ वजनाने तोलता येत नाही हे मान्य. पण पंपाचे औषध फुफ्फुसापुरते दिले जाते, आणि पोटात उतरतो त्या अंशापैकी, बुडेसोनाइडच्या बाबतीत, बहुतांश यकृतातच निकामी होतो. थेंब व गोळ्या मात्र सर्वांगाला पोचतात. त्या मधातल्या पुडीविषयी काय सांगावे? दम्याच्या अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांतरी वारंवार आलेल्या आहेत. पंप नाकारून स्टेरॉइड टाळले, अशा समाधानात कित्येक आजी तेच स्टेरॉइड बेहिशेबी चाटवीत असतील.

रात्री द्यावयाच्या गोड गोळीचेही तसेच. मॉन्टेलुकास्ट ही चघळण्याची गोळी पंपापेक्षा निरुपद्रवी मानण्याची रीत पडली आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर कडक इशारा छापावयास लावला तो दुःस्वप्ने, चिडचिड, औदासीन्य व आत्मघाताचे विचार यांबद्दल. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली असेल तर ती अवश्य द्यावी, पण हा इशारा आईबापांना ठाऊक असावा, आणि मूल झोपेत किंचाळू लागले तर दृष्ट काढण्याआधी डॉक्टरांना कळवावे.

सुरक्षितपणा औषध कपाटात ठेवण्यात नसून ते नीट देण्यात आहे. लहान मुलाला पंप थेट तोंडात कधी देऊ नये. तसे केल्यास औषध घशावर आदळते आणि फुफ्फुस कोरडेच राहते. मध्ये स्पेसर नावाची नळी हवी, आणि चार-पाच वर्षांखालील मुलास तिला मुखवटाही हवा. पंप हलवावा, एका वेळी एकच फवारा मारावा, आणि मुलाने शांतपणे पाच-सहा श्वास घ्यावेत. नंतर चूळ भरून टाकावी, मुखवटा लावला असेल तर तोंडही पुसावे. नाही तर जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. नळी साबणाच्या पाण्यातून काढून वाऱ्यावर वाळवावी, फडक्याने पुसू नये. मुलाची उंची दर काही महिन्यांनी दाराच्या चौकटीवर नव्हे, दवाखान्यात मोजून लिहून ठेवावी. तीन महिने आराम राहिला तर मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ती स्वतःच्या मनाने, ऐन पावसाच्या तोंडी, बंद करण्याचा नाही. आणि झटक्यात मुलाला धड वाक्य बोलता येईना, फासळ्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर पडले, तर आराम देणारा पंप स्पेसरमधून देत तडक इस्पितळ गाठावे. तेव्हा वाटाघाटी नकोत.

हैदराबादेतील आमच्या वाचकांना मृग नक्षत्राच्या दिवशी भरणारी ती प्रचंड रांग ठाऊकच आहे. मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळा लगदा घालून तो दमेकऱ्याच्या घशात उतरवितात. शाकाहाऱ्यांना तोच लगदा गुळातून. एके काळी यास औषध म्हणत. वाद न्यायालयात गेल्यावर त्याचा 'प्रसाद' झाला. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे नामांतर मोठे बोधप्रद वाटते. १९४५ च्या औषध-नियमावलीतील १०६ वा नियम व तिची 'जे' ही अनुसूची असे सांगते की, काही रोग बरे करण्याचा वा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, आणि त्या यादीत श्वासनलिकेचा दमा आहे. औषध म्हटले की दाव्याचा हिशेब द्यावा लागतो; प्रसाद म्हटले की हिशेब मागणाराच नास्तिक ठरतो. मी नास्तिक नाही. देवापुढे ठेवून हाती घेतला तो प्रसाद, अशी माझ्या घरची शिकवण आहे, आणि तो शब्द असा वापरला गेला की मला संताप येतो तो भाविक म्हणूनच. गुदमरणाऱ्या मुलाच्या घशात जिवंत मासा घालण्याचा धोका समजावयास तर वैद्यकाचीही गरज नाही.

मोठ्यांनी आपल्या देहाशी काय वाटेल ते करावे. मूल मात्र संमती देऊ शकत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे १३ वे कलम पालक नेमताना अज्ञानाच्या कल्याणाला सर्वोपरी मानते. न्यायालयाबाहेर, माजघरात, ते कमी सर्वोपरी असण्याचे मला कारण दिसत नाही.

देवस्थान-समित्यांनाही एक विनंती. पालखीच्या वेळी बंद सभामंडपात धूप कोंडला जातो, त्याच्या खिडक्या उघडता येतील. अग्रशाळेतील गाद्या वर्षातून एकदा तरी कडक उन्हात पडाव्यात. उत्सवातील औषधपेटीत आयोडीन व पट्ट्या असतात. तीत सालबुटामॉलचा एक पंप व एक स्पेसर ठेवावयास आणि तो चालविणारा एखादा स्वयंसेवक शिकवून ठेवावयास फार खर्च येणार नाही.

त्या आजींशी मी वाद घातला नाही. पुडी कोणी दिली, एवढेच विचारले. त्यांना नाव आठवेना. मग त्यांनीच मुलाच्या बापाला घरी फोन करावयास लावले, आणि कपाटातल्या खोक्यावर काय छापले आहे ते वाचून दाखव, असे पलीकडच्याला सांगितले. मुदत अजून सात महिने होती.