राजाश्रय, लोकाश्रय आणि कवींद्रांची समाधी

मुंबई-गोवा महामार्गावरील पोलादपूर म्हणजे कशेडी घाट चढण्यापूर्वी चहाला थांबण्याचे ठिकाण, एवढीच बहुतेक प्रवाशांना त्याची ओळख. याच पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. 'शिवभारत' हे संस्कृत महाकाव्य त्यांनी प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या सांगण्यावरून रचले. कलेवर सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, या वादात या समाधीची साक्ष काढलीच पाहिजे.

ज्या डोंगराळ भागातील तरुण पोटासाठी मुंबई गाठतात, जेथे 22 जुलै 2021 रोजी महाड पाण्याखाली गेले आणि तळीयेवर दरड कोसळली, तेथे शाहिरांना नि जाखडीच्या मंडळींना शासनाने पैसा का द्यावा, असे विचारले जाते. प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु स्वराज्याची तिजोरी तरी कधी ओसंडून वाहत होती? चारही बाजूंनी शत्रू असताना महाराजांनी काव्य रचवून घेतले. दरबारी फारसी तवारिखा आपल्या सोयीचा इतिहास लिहीत असताना स्वराज्याची बाजू स्वराज्याच्याच लेखणीने मांडली जावी, ही दृष्टी त्यामागे होती. हा आश्रय केवळ संस्कृत पंडितांपुरताही नव्हता. अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा जिजामातांच्या आज्ञेने झाला, असे परंपरा सांगते. पोलादपूर तालुक्यातील उमरठच्या तानाजींचा सिंहगड तुळशीदास शाहिराने घराघरांत पोहोचविला.

पुढे आपण काय केले? 'शिवभारत' महाराष्ट्राच्या विस्मरणात गेले. तंजावरच्या भोसल्यांनी जोपासलेल्या सरस्वती महालाने ते जपले, म्हणून स. म. दिवेकर 1927 मध्ये ते प्रसिद्ध करू शकले. पोवाड्यांचा मोठा संग्रह 1891 मध्ये निघाला, तोही शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीने अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने पुढाकार घेतला म्हणून. याची थोडी लाज वाटायला हवी.

2025 मध्ये रायगड आणि प्रतापगड जागतिक वारशात गेले. आनंदाचीच गोष्ट! पण दगडांना मिळालेला मान त्या दगडांची कथा गाणाऱ्या गळ्याला कधी? राज्य शासनाने 2024 पासून ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांचे मानधन दरमहा 5,000 रुपये केले, ते स्वागतार्ह आहे. तथापि मानधन ही कृतज्ञता झाली. तो आश्रय नव्हे. ते पोहोचते तेव्हा गळा थकलेला असतो आणि शिष्य मुंबईच्या कारखान्यात नाहीतर दुकानात रुजू झालेला असतो. आश्रय म्हणजे नवी रचना मागणे, शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन देणे, ढोलकीवादकाला वर्षभर काम देणे.

मात्र ज्याच्या हाती पैसा, त्याचीच स्तुती गाण्याचा मोह कलावंताला होतो. निवड समितीच्या उंबरठ्यावर शाहीर उभा राहू लागला की त्याच्या डफाचा आवाज आपोआप मऊ होतो. महाडच्याच चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने पेटवलेला समतेचा विचार पुढे आंबेडकरी जलशांनी गावोगाव नेला, तो कोणाच्या अनुदानावर नव्हे. म्हणून राजाश्रयाला लोकाश्रयाची जोड हवी. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या येतात, त्या सरकारी आदेशाने येत नाहीत. तोच समाज शिवजयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतींवर हजारो रुपये उधळतो आणि शाहिराची शाल-श्रीफळावर बोळवण करतो, तेव्हा दोष सरकारला कसा द्यावा?

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा होतो. त्यासाठी दरवर्षी महाड-पोलादपूरच्या एका तरुण शाहिराकडून नवा पोवाडा रचवून घ्यावा. निम्मा खर्च शासनाने आणि निम्मा दोन्ही तालुक्यांतील उत्सव समित्यांनी व मुंबईकर ग्रामस्थ मंडळांनी उचलावा. त्याचे पहिले गायन पोलादपूरच्या समाधीसमोर व्हावे, ध्वनिवर्धकाच्या भिंतीविना.