खेळ त्यांचे, पोरे आमची

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद लोकलमध्ये उभे राहण्यापुरती जागा मिळाली, की कित्येक तरुणांच्या हातांतील मोबाइल आडवा होतो. उभा धरलेला मोबाइल म्हणजे संदेशवाचन, आडवा धरलेला म्हणजे युद्ध! ठाणे येईपर्यंत कोणी तीन शत्रू टिपलेले असतात, तर कोणी स्वतःच धारातीर्थी पडलेला असतो. शेजारचे काका हे पाहून ‘पिढी वाया गेली’ असा सुस्कारा सोडतात आणि आपल्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव उघडतात.

या विषयावर चाळिशीला आलेल्या एका डोंबिवलीकराचे मत मात्र ऐकण्याजोगे आहे. हा गृहस्थ लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळत आला आहे आणि त्याची त्याला आजही लाज वाटत नाही. नव्वदच्या दशकात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले नकली यंत्र टीव्हीला जोडून त्याने ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ पालथे घातले. तो म्हणतो, “तेव्हा कॅसेट एकदा विकत घेतली की व्यवहार संपला. खेळ अवघड असायचा, पण त्याला शेवट असायचा. आजच्या खेळांना शेवटच ठेवलेला नाही. फुकट आत घ्यायचे, रोज हजेरी लावायला भाग पाडायचे आणि मग पोशाख, बंदुकीचा रंग, बंद पेट्या विकायच्या. पेटीत काय निघणार ते पैसे भरल्यावर कळते. याला खेळ म्हणायचे की मटका?”

शब्द रागाने वापरलेला असला तरी अचूक आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर मिरवणाऱ्या कंपनीलाही ते प्रायोजकत्व सोडावे लागले. पाऊल धाडसाचे होते, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या कायद्याचा रोख पैशाने पैसा जिंकण्याच्या आमिषावर आहे. जेथे पैसा आत जातो आणि बाहेर केवळ एक रंगीत सदरा येतो, त्या पेटीकडे आपल्या समाजाचे अजून लक्षच गेलेले नाही.

आणि समजा, उद्या तीही बंद झाली. पुढे काय? गलवानमध्ये आपल्या २० जवानांनी बलिदान दिले, त्यानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी’सह ११८ अॅप्सवर बंदी आली. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच होते. पण रिकाम्या झालेल्या जागेत आपण काय उभे केले? २ जुलै २०२१ रोजी जवळपास तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला. नावात इंडिया आणि रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा, एवढे सोवळे नेसवले की झाले! चालविणारी क्राफ्टन कंपनी दक्षिण कोरियाची. तिच्या मोठ्या भागधारकांत चीनची टेन्सेंट. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा हटविला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला.

मधल्या काळात आपणही एक उत्तर दिले होते. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी गलवानच्या पार्श्वभूमीवरचा ‘फौ-जी’ हा स्वदेशी खेळ आला. आपल्या डोंबिवलीकराने तो पहिल्याच दिवशी उतरवून घेतला, आणि पुढच्या आठवड्यात काढून टाकला. “ऊर भरून आला होता हो, पण नुसती हाणामारी किती वेळ करणार? देशभक्ती म्हणून एक दिवस खेळता येते, रोज नाही.” हे बोल कडू आहेत, पण देशभक्तीच्या नावावर दर्जात सूट मागणे ही देशभक्तीशीच प्रतारणा नव्हे काय?

यापेक्षाही झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. १८ व्या शतकातील मराठ्यांची सत्ता स्वतः चालवून पाहायची असेल, तर तशी सोय ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात आहे. तो तयार झाला इंग्लंडमधील हॉर्शॅम या गावी. ज्यांच्या पूर्वजांनी मराठेशाही बुडविली, त्यांच्याच वंशजांकडून आमच्या मुलांनी मराठ्यांची घोडदौड विकत घ्यायची!

आपण स्वतः करू गेलो तर आपलेच लोक आडवे येतात, हाही अनुभव आहे. त्याच २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशनसाठी तयार केला. अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेड यांनी तो मागे घेण्याची मागणी केली. देवाला खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचविणे हा उपहास आहे, असा त्यांचा आक्षेप. भावना समजू शकते; आक्षेप मात्र पटत नाही. कोकणातल्या दशावतारात गावातलाच पोरगा देव होतो, तेव्हा देवाचा अपमान होत नाही. उलट त्या रात्रीपुरता तो पोरगा मोठा होतो. दादासाहेब फाळके येशूचरित्राचा चित्रपट पाहून घरी आले, ते निषेधाचे पत्रक लिहायला बसले नाहीत. आपला कृष्ण पडद्यावर का नसावा, या एका प्रश्नाने त्यांनी झोप गमावली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

फाळक्यांचा तो हट्ट अगदीच लोपलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. धाकट्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडविणारी मुलगी, तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तू, लघुचित्रांची छाया. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरीही खेळ पूर्ण झाला आणि जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. डोंबिवलीतल्या किती घरांना त्याचे नाव ठाऊक आहे? १९९९ च्या गुढीपाडव्याला याच गावाच्या गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पाहता पाहता तिचे अनुकरण सर्वत्र झाले. नवे काही रुजविणे या गावाला अपरिचित नाही.

आपला डोंबिवलीकर परवा मुलाला घेऊन कल्याणच्या दुर्गाडीवर गेला होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर महाराजांनी या खाडीच्या काठी गलबते बांधायला घेतली, हे त्याने मुलाला सांगितले. मुलाने लगेच विचारले, “बाबा, याचा गेम आहे?” नाही, असे सांगावे लागले. कोणीतरी तो करीलच, याबद्दल त्याला शंका नाही. तो पुण्यात होतो की हॉर्शॅममध्ये, एवढीच धाकधूक आहे.