तस्बीह पर्समध्येच ठेवायची का?

आमच्या तिसगावातल्या एक खाला पुढच्या महिन्यात उमराहला निघाल्या आहेत. विमानात बसण्याची पहिलीच वेळ. निरोप आला म्हणून आम्ही भेटायला गेलो, तर मुलगा त्यांना सूचना देत बसला होता. "अम्मी, विमानात तस्बीह काढू नका. दुआ मोठ्याने पढू नका. शेजारच्याला उगीच शंका यायची." खालांनी आमच्याकडे वळून विचारले, "सर, अल्लाहचं नाव घ्यायलाही आता तिकीट लागतं का?"

मुलाची भीती आम्हाला हसण्यावारी नेता आली नाही. तिच्यामागे बरेच काही आहे.

२३ ऑगस्ट २००६ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे विमान ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघाले. काही प्रवासी मोबाइल हाताळत होते, जागा बदलत होते, कर्मचाऱ्यांचे ऐकत नव्हते, अशी तक्रार झाली. विमानातल्या अमेरिकन सुरक्षा अधिकाऱ्यांना संशय आला. वैमानिकाने विमान माघारी वळवले. डच हवाई दलाची दोन एफ-१६ लढाऊ विमाने सोबतीला आली आणि उतरल्यावर बारा भारतीय प्रवाशांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी सर्वांना सोडले. घातपाताचा कोणताही पुरावा नव्हता. भारत सरकारने डच राजदूतांना बोलावून नाराजी कळवली. मुंबईत त्यांच्या घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल, याचा विचार आजही आमच्या मनातून जात नाही.

ते दिवस कसे होते, हेही सांगायला हवे. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. १० ऑगस्टला लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला होता. त्यात पकडलेले मुस्लिमच होते. भीती हवेतून आलेली नव्हती, हे आपण मान्य करू. विमान सुटताना मोबाइल चालू ठेवणे ही चूक आहे, हेही मान्य करू. पण आपल्याकडे विमान टेकते न टेकते तोच निम्मे लोक फोन कानाला लावून उभे राहतात. त्यांना हवाईसुंदरी रागावते, लढाऊ विमाने येत नाहीत. एकच चूक, एकाला दटावणी आणि दुसऱ्याला बेड्या, हा फरक कशावरून पडतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तपासणीला आमचा विरोध नाही. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीला माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची एका अमेरिकन विमान कंपनीने झडती घेतली. देशभर गदारोळ झाला, कंपनीने पुढे माफी मागितली. कलामसाहेबांनी मात्र जागीच कुरकूर केली नाही. सगळ्यांचे जोडे काढायला लावत असाल तर आमचेही काढा.

चेहरा पाहून संशय घेण्यात धोकाही आहे. एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी इस्रायलच्या विमानात बसायला आली. तिच्या बॅगेच्या तळाशी तिच्या जॉर्डनी मित्राने बॉम्ब लपवला होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता. नाव आणि रूप पाहून कुणी तिला अडवले नसते. सुरक्षावाल्यांनी प्रश्न विचारले, बॅग उसवून पाहिली, म्हणून शेकडो जीव वाचले.

सूरह हुजुरातमध्ये फार गुमान करू नका अशी ताकीद आहे, आणि बातमी आली तर आधी खात्री करा असेही आहे. हे दुसऱ्यांना ऐकवण्याआधी आपण व्हॉट्सॲपवर काय काय पुढे ढकलतो तेही आठवावे. असो.

त्या मुलाला आम्ही कामाच्या गोष्टी सांगितल्या. कर्मचारी सांगतील ते लगेच ऐकायचे. थट्टेतसुद्धा "बॉम्ब" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. उतरवलेच, तर आवाज न चढवता कारण विचारायचे, लेखी मागायचे, बोर्डिंग पास जपून ठेवायचा, वेळ लिहून घ्यायची. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांचे एअर इंडियातले प्रकरण गाजले. त्यानंतर त्याच वर्षी डीजीसीएने गैरवर्तनाचे नियम केले. त्यात प्रवाशावर बंदी घालायची तर निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा आणि प्रवाशाला पुढे अपील करता येईल, अशी तरतूद झाली. मुलाने हे सगळे वहीत उतरवून घेतले.

"आणि तस्बीह?" खालांनी पुन्हा विचारले.

हातात ठेवा, आम्ही म्हणालो. सफरची दुआही पढा, नेहमी पढता तशी.

मग त्यांनी हँडबॅग उघडून दाखवली. तस्बीहच्या खाली पानाचा डबा, चुन्याची डबी आणि सासूबाईंचा पितळी अडकित्ता. तो अडकित्ता मोठ्या बॅगेत ठेवायला लावताना मात्र मुलाला आणि आम्हाला अर्धा तास हुज्जत घालावी लागली.