न्हाण हरवले, बाटल्या उरल्या

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक तरुणी मान झटकते, पाठीवर काळ्याभोर केसांचा धबधबा कोसळतो आणि चार आठवड्यांत केस लांब, दाट व मजबूत करण्याचे अभय प्रेक्षकांना मिळते. या अभयदानाचा हिशेब कोणी मांडत नाही. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे चार आठवड्यांत, बाटली कोणतीही असो, वाढ होणार ती बोटाच्या पेराच्या निम्म्याहूनही कमी. कमरेपर्यंतची वेणी ही सहा-सात वर्षांची कमाई असते. त्या वेणीचे टोक सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते आणि आठवड्यातून एकदा न्हाणे झाले तरी त्याने तीनशेहून अधिक न्हाणी पाहिलेली असतात. रोज फेस करणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही संख्या दोन हजारांवर जाते. केस वाढत नाहीत ही बहुतेकींची तक्रार मुळातच चुकीची आहे. केस वाढतात, पण टोकाकडून तुटत राहतात. वाढीची जाहिरात करून तुटीचे साधन विकणे हा या व्यापाराचा गाभा आहे.

ज्या शब्दावर हा सारा डोलारा उभा आहे, तो शब्दही इथलाच आहे. ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, मर्दन करणे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महोमद याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दनाचे गृह काढले. त्याची कीर्ती एवढी पसरली की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचा ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या काळी शाम्पू म्हणजे तेल आणि तळहात. पुढे तेल गेले, तळहात गेला, शब्द तेवढा राहिला आणि तो फेसाच्या बाटलीवर चिकटून समुद्रापलीकडून परत आला. जे इथून गेले तेच इथल्यांना विकत घ्यावे लागावे, याची खंत कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

मराठीने ‘आंघोळ’ आणि ‘न्हाणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवले, ते उगाच नव्हे. आंघोळ रोजची, न्हाणे ठरल्या वाराचे, डोक्यावरून. आदल्या रात्री किंवा सकाळी कोमट तेल, मग शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचऱ्याचे उकळलेले पाणी, न्हाल्यावर सुती पंचा, उदाची धुरी, आणि केस सुकल्यावरच फणी. या क्रमातील प्रत्येक पायरीला कारण होते. ओला केस पाणी शोषून फुगतो, ताणला की सहज तुटतो. म्हणून फणी शेवटी. खरखरीत टॉवेलने घासले की केसावरचे खवले उचकटतात. म्हणून मऊ पंचा, तोही गुंडाळण्यासाठी, घासण्यासाठी नव्हे. शिकेकाईच्या शेंगेतील सॅपोनिन हे सौम्य आणि किंचित आम्लधर्मी. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाची जी चिकट साय केसांवर बसते ती शिकेकाईने बसत नाही. फेस कमी येतो हा तिचा दोष मानला गेला. वास्तविक फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध फारसा नाही, डोळ्यांच्या समाधानाशी मात्र आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, मस्तकाला नित्य तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत आणि त्यात केस न गळणे व अकाली न पिकणे यांचा उल्लेख आहे. एवढ्यावर मान डोलावून थांबणारे पुष्कळ आहेत. पण तेल नेमके करते काय, हे विचारणे म्हणजे परंपरेचा अधिक्षेप नव्हे. २००३ साली मुंबईतील एका प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलाने तेवढी स्पष्ट कमी झाली. इतर दोहोंना ते साधले नाही. प्रयोगशाळा खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीची होती हेही सांगितले पाहिजे. तरीही निष्कर्षामागचे कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, खनिज तेल वरच राहते.

आता दुकानाच्या फळीवरील ‘बदाम’, ‘आवळा’, ‘जडीबुटी’ अशा नावांच्या बाटल्या उलटून मागची बारीक अक्षरे वाचावीत. अनेकींमध्ये पहिला घटक द्रव पॅराफिन, म्हणजे तेच खनिज तेल, निघतो. बदाम बहुधा चित्रातच असतो. ही फसवणूक परदेशी कंपन्याच करतात असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. ऋषिमुनींची चित्रे छापून हाच उद्योग करणारे स्वदेशी व्यापारी कमी नाहीत आणि त्यांचा अपराध अधिक मोठा आहे, कारण ते गिऱ्हाइकाच्या खिशाबरोबर त्याची श्रद्धाही वापरतात. कायद्याने औषधांच्या बाबतीत टक्कल किंवा अकाली पांढरे केस बरे करण्याचा दावा निषिद्ध ठरवला आहे. औषधनियमांच्या ‘जे’ परिशिष्टात या दोन्ही गोष्टी नावानिशी आहेत. म्हणून दावा जाहिरातीच्या चित्रातून करायचा आणि शब्दांत ‘मजबुती’, ‘चमक’ एवढेच म्हणायचे, ही पळवाट.

तेलाने केस उगवत नाहीत. डोक्याबाहेरचा केस हा मृत केराटिन आहे. तेल त्याला जपते, जन्म देत नाही. कोंड्याने खवखवणाऱ्या डोक्यावर रात्रभर तेल थापणे तर अपायकारकच, कारण कोंड्यास कारण होणारी बुरशी त्याच स्निग्धांशावर पोसते. घट्ट ओढून घातलेल्या वेण्यांनी कपाळावरचे केस कायमचे मागे हटतात, हेही घरोघरी दिसते. आणि परंपरेचा अभिमान सांगताना याच समाजाने विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवला होता, त्याविरुद्ध मुंबईच्या नाभिकांना १८९० साली संप करावा लागला होता, ही आठवण सोयीस्करपणे पुसता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला आज केस सरळ करण्याचे वेड आहे. लग्नाच्या हंगामात पाच-दहा हजार रुपये मोजून ‘केराटिन’ करून घेतले जाते. यांतील अनेक द्रावणांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड सुटतो, जो मानवी कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाचा वापर झाल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला तीनदा इजा झाल्याची नोंद २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. सरळ केसांसाठी मूत्रपिंड पणाला लावण्याइतकी ही हौस मोलाची आहे काय?

बाटल्यांच्या यशाचे आणखी एक गुपित आहे. विषमज्वर, डेंग्यू, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि पुढे आपोआप थांबून पुन्हा येतात. २०२०-२१ च्या कोरोनाकाळानंतर हे असंख्य घरांनी पाहिले. गळती पाहून घाबरलेली बाई तेल आणते, चार महिन्यांनी केस येतात आणि श्रेय बाटलीला जाते. निसर्गाच्या कामाची मजुरी दुकानदाराने उचलावी, तसे हे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा तर आजारही नाही.

खरा प्रश्न डोक्यावर नसून रक्तात आहे. केशमूळ ही शरीरातील अत्यंत वेगाने विभागणाऱ्या पेशींची जागा आहे. लोह, प्रथिने अपुरी पडली की शरीर हृदयाचे आणि मेंदूचे भागवते, केसांचे रेशन तोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के होते आणि ते आधीच्या फेरीतील ४८ टक्क्यांपेक्षा वाढलेले होते. ज्या राज्यात वाडीवस्तीवरच्या टपरीतही शाम्पूची पुडी लोंबकळते, त्या राज्याचे हे आकडे आहेत. विरळ, निस्तेज वेणी घेऊन शाळेत येणाऱ्या मुलीला पुडी घेऊन देणारे पालक तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा सांगू शकत नाहीत.

उपाय महाग नाहीत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. मटकीची उसळ लिंबू पिळून खाल्ली तर तिच्यातील लोह अंगी लागते. त्याच जेवणावर लगेच चहा घेतला तर बरेचसे वाया जाते. बाळंतिणीला अहळिवाचे लाडू देणाऱ्या आजीबाईंना हे ठाऊक होते, पण तोच लाडू तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटात पडत नाही. घरात सर्वांच्या शेवटी, उरलेले जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला डाळीचे पाणी येत असेल, तर तिच्या डोक्यावर कोणतेही तेल ओतून उपयोग नाही. शाळांतून किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची शासकीय योजना आहे. ‘पोटात मळमळते’ म्हणून मुली ती दप्तरात लपवतात आणि पालक-शिक्षक त्याकडे काणाडोळा करतात. रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर दिली तर मळमळ बरीच कमी होते, एवढे सांगायला वर्गशिक्षिकेला दोन मिनिटे लागतात. वर्षातून दोनदा जंताची गोळी, सहा महिन्यांनी हिमोग्लोबिनची तपासणी आणि तो आकडा मुलीच्या आईच्या हातात लेखी, एवढी मागणी प्रत्येक शाळेच्या पालकसभेत आधी झाली पाहिजे. स्नेहसंमेलनातील केशभूषा स्पर्धेला कोणत्या तेलाचा प्रायोजक मिळाला, याची चौकशी त्यानंतर करता येईल.