सोळाखालचे राहू द्या, चाळिशीवरच्यांचे बोला



सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची बंदी घालता येते का, याचा अभ्यास गोवा सरकार करत आहे असे राज्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितले आणि तेव्हापासून जो तो टाळ्या वाजवतो आहे. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, पंचसुद्धा खूश. दुसऱ्याचे व्यसन सुटणार म्हटल्यावर आनंद होणारच.

माझा प्रश्न साधा आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आठ-दहा वर्षांच्या पोरांपैकी कितीजणांचे स्वतःचे खाते आहे? पोर बघते ते आईच्या फोनवर, आईच्या खात्यावर. आईने काढून घेतला की आजोबांच्या फोनवर. ज्या ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो तिथला कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. सोळाखालच्यांची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, न ठेवल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला शिक्षा नाही, पालकालाही नाही. यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूब आहेत, व्हॉट्सॲप नाही. आणि खाते न उघडता यूट्यूब पाहायला तिथेही मुभा आहे. हा कायदा जसाच्या तसा धारगळात किंवा मयेत आणून ठेवला तर आजोबांच्या मांडीवर बसून रील बघणाऱ्या नातवाचे त्याने काय होणार आहे? शिवाय या कंपन्यांवर लगाम ठेवणारा माहिती तंत्रज्ञान कायदा केंद्राचा, २००० सालचा. म्हणजे पणजीत अभ्यास कितीही झाला, तरी उत्तर दिल्लीलाच द्यावे लागेल.

पेडण्याच्या बाजारात माझे झेरॉक्स आणि रिचार्जचे दुकान आहे. माझे पोट यावरच चालते, तरीही लिहितो. काउंटरवर येऊन ‘नेट संपला, बेगीन मार’ म्हणणारा सोळा वर्षांचा नसतो. तो चाळीस-पन्नाशीचा असतो. दुपारी दोनला त्याचे रोजचे दीड जीबी उडालेले असतात आणि त्याला रात्रीपर्यंतचा दम निघत नाही. वर जास्तीचा डेटा मारून घेतो तोही हाच. त्यात घरोघर फिरणारे सेल्समन आहेत, सरकारी नोकर आहेत, विमानतळावर पाळी करून आलेले आहेत, आणि बंदीच्या बातमीवर ‘बरे झाले’ म्हणणारेही आहेत.

या दीड जीबीकडे कुणी नीट बघत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, त्याआधी एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजावे लागत आणि माणूस ती महिनाभर पुरवून वापरी. आता मोजमाप महिन्याचे राहिले नाही, दिवसाचे झाले. रात्री बारा वाजले की उरलेले गेले. ताटात वाढलेले टाकू नये हे संस्कार आपल्यावर लहानपणापासून, तेव्हा माणूस झोपायच्या आधी बसून ते संपवतो. वापरायचे काय म्हणून विचारत नाही, उरले किती एवढेच विचारतो. मुलांवरच्या बंदीचा मसुदा लिहिणाऱ्यांनी आधी या पॅकची रचना कुणी आणि कशासाठी केली, ते कंपन्यांना विचारावे. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस असलेला पॅक द्यायला भाग पाडले. जानेवारी २०२५ पासून तो मिळतो, ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास. तो मागणारे गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचित येते. आले तर ते सत्तरीचे असते आणि मुलगा बाजूला उभा राहून म्हणतो, ‘बाबांना नेटवालाच मार, व्हिडिओ कॉल करायचा असतो.’ बाबांना हे व्यसन लावले कोणी ते यावरून कळावे.

पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात तेव्हा हात जोडायला किती हात मोकळे असतात, ते पुढच्या वेळी मोजून पाहावे. जत्रेतल्या दशावतारी नाटकात संकासूर येतो आणि पुढच्या चार ओळींत स्क्रीन पेटतात. त्या पेटवणारे सातवी-आठवीतले नसतात.

म्हणून माझे म्हणणे एकच. बंदी पोरांना घालू नका, दीड तास घरातल्या सगळ्यांचा फोन बंद करा.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचे गाव आहे. कोविडच्या काळात शाळा फोनवर गेली, शाळा परत भरली तरी फोन हातातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावातल्या बायकांची सभा घेतली. ठरले असे की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद होतील आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत बंद राहतील. सुरुवातीला कुणी ऐकेना. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. पोरे पुस्तक घेऊन बसू लागली, मोठे एकमेकांशी बोलू लागले. त्यासाठी ना विधानसभेत विधेयक आले, ना कुणी ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. आपल्या शेजारच्या बेळगाव तालुक्यात हलगा गावाने तोच भोंगा उचलला. बेळगावपर्यंत आलेला भोंगा चोर्ला घाट उतरून साखळीला पोहोचायला किती वर्षे लागावीत? साखळी तर मुख्यमंत्र्यांचा मतदारसंघ.

यातली खुबी भोंग्यात नाही, ‘सगळ्यांचा’ या शब्दात आहे. बाप स्वतः रील फिरवत पोराला अभ्यासाला बस म्हणतो, ते पोर बसत नाही. ते बसावे अशी अपेक्षासुद्धा चुकीची आहे.

हे आपल्याकडे चालणार नाही, भोंग्याचा लोकांना त्रास होईल, असे एका पंचाने मला दुकानात ऐकवले. डिसेंबर २०२४ मध्ये धारगळला सनबर्न संगीत महोत्सवाचे कर्णे तीन दिवस वाजले, ते सोसले. संध्याकाळी सातला मिनिटभर भोंगा तेवढा सोसणार नाही?

आता शाळांविषयीही बोलायलाच हवे. आमच्या भागातल्या एका शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री नऊला जागा होतो. उद्या आणायचे चित्र, परवाचा प्रकल्प, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळे त्यावर. गृहपाठ बघायला फोन हातात घ्यायचा आणि दहा वाजता कळायचे की पोर मधल्या वेळात तीन कार्टूने बघून मोकळे झाले. त्यातून रात्री साडेनऊला प्रिंट काढायला आई-बाप माझे दार ठोठावतात, ते वेगळेच. मला धंदा मिळतो, पण वही आणि फळा मोडीत का काढले? शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढावे: गृहपाठ वर्गात लिहून द्यायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. याला केंद्राची परवानगी लागत नाही. खंवटे साहेबांच्या अभ्यासापेक्षा हे लवकर होईल आणि खर्च शून्य.

सरकारला व्यसनाची इतकीच काळजी असेल तर मांडवीत तरंगणाऱ्या कसिनोच्या जहाजांकडेही एकदा बघावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. फोनवरची रमी बंद झाली, पण नदीवरचा कसिनो चालूच. गोमंतकीयांना आत प्रवेश नाही म्हणतात. बाहेरून आलेल्याचे बुडाले तर चालते, असाच याचा अर्थ ना?  

खरेच ज्याला झोप नाही, नोकरी सुटायची वेळ आली आहे, फोन काढून घेतला की अंगावर धावून येतो, अशांना भोंगा पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे. अशांसाठी बांबोळीला मानसोपचार इस्पितळ आहे, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक आहे. पण पेडण्याहून बांबोळी गाठायची म्हणजे दिवस मोडतो. आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा समुपदेशक बसवा, तेही चालेल. बाकीच्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, दीड तासच हवा.

येत्या ग्रामसभेत दीड तास फोन बंद ठेवण्याचा ठराव मी माझ्या पंचायतीत मांडणार आहे. डिचोलीतल्या वाचकांनी आपापल्या गावात मांडावा. नगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा नसते, तिथे प्रभागाच्या नगरसेवकाला गाठावे. ठराव झाला तर सात ते साडेआठ माझे दुकान बंद राहील. रिचार्ज मारायचाच असेल तर सातच्या आत यावे.

– एक दुकानदार, पेडणे