पात्यांवरचा माणूस

भिवंडीच्या परिसरातील एखाद्या गोदामात वरच्या मांडणीवरील खोके उतरवावयाचे असते, शिडी शोधण्यास सवड नसते, आणि मुकादमाच्या एका हाकेसरशी हमाल फोर्कलिफ्टच्या दोन पात्यांवर ठेवलेल्या लाकडी पॅलेटवर चढून, उचलणीच्या साखळीशेजारच्या लोखंडी खांबाला धरून, पंधरा फूट वर जातो. पॅलेटची एखादी फळी निखळलेली असते. चालकाने यंत्र जरासे मागे घेतले तरी तोल जाण्यास तेवढे पुरते. हे यंत्र माल उचलण्याकरिता आहे, माणूस उचलण्याकरिता नव्हे, हे चालकास ठाऊक नसते असे नाही. परंतु नकार देण्याची मुभा कंत्राटी मजुरास असते कोठे?

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने ३२ व्या कलमात, पडण्याचा संभव असलेल्या जागी कठडा वा अन्य तजवीज करण्याचे दायित्व घातले. पण केवळ साठवणीची गोदामे ‘कारखाना’ ह्या व्याख्येतून सहसा निसटत आली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा वा अधिक कामगारांची व्यापारी आस्थापनेही कक्षेत घेतली खरी, तथापि निरीक्षकाचा फेरा तेथवर पोहोचेपर्यंत पंचनाम्यात ‘मजुराची गफलत’ एवढाच शेरा उमटणार असेल, तर तो आम्हांस मान्य नाही. पात्यांना पक्का जखडलेला, कठड्याचा पिंजरा आणि तो वर असेतो चालकाने आसन न सोडण्याचा दंडक, ही काही अवघड मागणी नव्हे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने गोदामांची तपासणी पूर्वसूचनेवाचून करावी, आणि कसुरीची नोंद मुकादमापाशी न थांबविता मालकाच्या नावे करावी.